प्वेर्तो व्येहोचे समुद्रकिनारे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या या छोट्या गावी आम्ही दोनदा राहून आलो, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा ऑक्टोबरात. तेव्हापासून अमेरिकेतले मराठी मित्र आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक जे जे विचारत आले, ते इथं उत्तरांसकट लिहून ठेवलं आहे.

हे गाव नेमकं कुठं आहे?

कोस्टा रिकाच्या आग्नेय टोकाला, लिमोन प्रांतात. पनामाची हद्द इथून जवळच आहे. पूर्ण नाव प्वेर्तो व्येहो दे तालामांका. याच देशात सारापिकीचं प्वेर्तो व्येहो नावाचं दुसरं गाव आहे आणि त्याला समुद्र नाही, तेव्हा बसचं तिकीट किंवा खोली घेताना ‘तालामांका’ हा शब्द बघूनच घ्या.

स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ ‘जुनं बंदर’. इथले जुने आफ्रो-कॅरिबियन लोक आजही त्याला इंग्रजीतून ओल्ड हार्बरच म्हणतात. १८२८ च्या सुमाराला पनामाच्या बोकासकडून कासवं धरायला येणारी माणसं या किनाऱ्यावर घरं बांधून राहिली, आणि पुढं रेल्वेच्या आणि केळीच्या मळ्यांच्या कामासाठी जमैकाहून हजारो लोक लिमोनला आले. त्यांची पणतवंडं आज इथली खानावळ चालवतात, होडी हाकतात, कॅलिप्सो गातात. डोंगराच्या बाजूला ब्रिब्री आणि काबेकार हे मूळ रहिवासी. म्हणून एकाच दुकानात स्पॅनिश, क्रिओल इंग्रजी आणि कधी ब्रिब्री अशा तीन भाषा कानावर पडतात. ‘वापिन?’ असं कुणी विचारलं तर तो ‘काय चाललंय?’ आहे.

तिथं पोचायचं कसं?

राजधानी सान होसेहून रस्त्यानं दोनशे किलोमीटरपेक्षा थोडं जास्त अंतर आहे. गाडीला चार ते पाच तास धरा. सान होसेच्या टर्मिनलवरून मेपे कंपनीच्या बस लिमोन आणि कावितामार्गे थेट गावात येतात. हॉटेलच्या दारातून उचलणाऱ्या व्हॅनही मिळतात, त्या महाग पडतात.

सुरुवातीचा रस्ता ब्राउलियो कारियो राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून जातो. धुकं, पाऊस, मालवाहू ट्रकांची रांग, आणि मोठ्या पावसात दरड. ज्यांनी जुलैत आंबा घाट ओलांडला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. भाड्याची गाडी घेणार असाल तर हा टप्पा दिवसाउजेडीच पार करा. परतीच्या विमानाच्या दिवशी पहाटे गावातून निघून थेट विमानतळ गाठायचा बेत मात्र करू नका. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर दुसरा मार्ग लांबचा आहे. आदली रात्र सान होसेत काढलेली बरी.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

लागतो. अमेरिकेचा वैध बहुप्रवेश व्हिसा किंवा तिथला रहिवासी परवाना असणाऱ्यांना सवलत मिळते, पण किती महिने वैध हवा वगैरे अटी बदलत राहतात. तिकिटं काढण्याआधी कोस्टा रिकाच्या दूतावासाचं पान बघा. दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांतून येणार असाल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्रही मागतात.

कोणत्या महिन्यात जावं?

सगळ्यांत जास्त चुका इथंच होतात. कोस्टा रिकाविषयी जिथं वाचाल तिथं डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा ऋतू म्हणून दिलेला असतो. तो पॅसिफिकच्या बाजूचा. कॅरिबियन बाजूचं गणित जवळजवळ उलटं आहे. इथं सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे सगळ्यांत कोरडे, शांत महिने. त्या काळात ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे मंदावतात, पॅसिफिककडून ओलं वारं येतं आणि मधले डोंगर ते पाणी पलीकडेच अडवतात. म्हणजे देशाच्या एका अंगाला धो धो पाऊस आणि आपण मात्र गावाजवळच्या पुंता उवा किनाऱ्यावर आरशासारख्या पाण्यात उभे.

फेब्रुवारी-मार्चही बरे असतात. डिसेंबर आणि जुलै हे भरपूर पावसाचे. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे आधीच समजून जावं. लिमोनला वर्षाकाठी साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या रत्नागिरीलाही जवळपास तितकाच पडतो, पण तो चार महिन्यांत सगळा हिशेब संपवून मोकळा होतो. इथं तो बारा महिन्यांत वाटलेला असतो. खूपदा रात्री कोसळतो आणि सकाळी लख्ख उघडतं.

माझं मत विचाराल तर ऑक्टोबर. पाणी स्वच्छ, गर्दी कमी, खोल्या स्वस्त. लाटांवर स्वार व्हायला जाणाऱ्यांनी मात्र डिसेंबर ते मार्च धरावा, कारण मोठी लाट तेव्हाच येते.

सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे चक्रीवादळांचे महिने ना?

कॅरिबियन बेटांसाठी हो. कोस्टा रिका इतका दक्षिणेला आहे की वादळ थेट आदळणं फार दुर्मीळ. २०१६ च्या नोव्हेंबरात ओट्टो हे वादळ देशाच्या उत्तर भागातून गेलं तेव्हा सगळ्यांनाच नवल वाटलं होतं.

भरती-ओहोटीच्या वेळा बघून जायचं का?

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच, मलाही पडला होता. आम्ही लहानपणापासून समुद्राला निघताना आधी तिथी विचारतो. इथं त्याची गरज नाही. कॅरिबियन समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. लिमोनच्या किनाऱ्यावर दोन्हींतला फरक वीतभर, फार तर हातभर. मुंबईला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हाच फरक चार मीटरच्या वर जातो.

म्हणून किनारे अरुंद आहेत. अलिबागला ओहोटीला जशी मैदानासारखी ओली वाळू उघडी पडते तशी इथं कधीच पडत नाही. झाडांची मुळं संपली की चार पावलं वाळू आणि मग पाणी. भरती बघायची नाही म्हणून समुद्र बघायचाच नाही, असं मात्र नाही. इथं पाणी ठरवतो तो लांबून येणारा लाटांचा उसळता जोर, ज्याला खलाशी ‘स्वेल’ म्हणतात. तो आज कुठून आणि किती आहे यावर आजचा किनारा निवडायचा.

गावातल्या गावात पोहता येतं का?

गावाच्या समोरच साल्सा ब्रावा आहे. ही कोस्टा रिकातली सगळ्यांत जोरकस लाट समजली जाते. ती उथळ प्रवाळावर फुटते, म्हणजे पडलात तर खाली वाळू नाही, धारदार खडक आहे. मुरलेल्या सर्फरांचं ते काम. आपण संध्याकाळी किनाऱ्यावर बसून बघावं, तेवढं पुरेसं सुंदर आहे.

गावाच्या पश्चिमेला प्लाया नेग्रा, म्हणजे काळा किनारा. वाळू ज्वालामुखीच्या खनिजांमुळं खरंच कोळशासारखी काळी आणि मऊ आहे. गावाकडच्या टोकाला एक गंजलेला जुना बार्ज अर्धा बुडून पडला आहे आणि त्याच्यावर झाड उगवलं आहे. गावाचा प्रत्येक फोटो त्याचाच असतो. शांत दिवशी इथं पोहायला हरकत नाही. दुपारी वाळू एवढी तापते की चपलेशिवाय पाऊल ठेववत नाही.

प्लाया कोक्लेस धोक्याचा आहे असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. गावाच्या आग्नेयेला दोनेक किलोमीटरवर लांबलचक सोनेरी किनारा आहे, सर्फिंग शिकायला उत्तम, दिसायला देखणा. आणि याच किनाऱ्यावर समुद्राकडं ओढून नेणारे प्रवाह जोरात असतात. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जाताना वाळूच्या बांधातली एखादी फट शोधतं आणि तिथून नदीसारखं बाहेर धावतं.

तो प्रवाह कसा ओळखायचा? दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा मात्र गडद, गुळगुळीत, शांत दिसतोय, तर तोच. नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते आणि तो तिथंच उतरतो. आपल्याकडं गणपतीपुळे, मुरुड, आक्सा, दरवर्षी माणसं अशाच पाण्यात जातात. म्हणून हे उत्तर मी आवर्जून लांब लिहितो आहे.

सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका, दम संपतो. तरंगत राहा, हात वर करा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहातून बाजूला निघा, मग लाटांबरोबर आत या. कोक्लेसवर जीवरक्षक असतात. त्यांच्या मनोऱ्यासमोरच उतरा आणि लाल बावटा असेल तर पाय भिजवण्यावर समाधान माना. मनोरा रिकामा असेल तरीही तेच.

प्लाया चिकिता आणि पुंता उवा यांत कुठं जावं?

दोन्हीकडं, सायकलनं, एकाच सकाळी. चिकिता म्हणजे छोटी. गावापासून पाचेक किलोमीटरवर जंगलातून आत जाणाऱ्या लहान पायवाटा आहेत, पाट्या बारीक आहेत, सहज चुकतात. आत गेलं की प्रवाळाच्या खडकांनी बांधलेल्या छोट्या छोट्या खाड्या. कधी आख्ख्या खाडीत आपण एकटेच असतो. खडक टोकदार आहेत, जुने बूट घालून पाण्यात जा.

पुंता उवा मात्र माझा सगळ्यांत आवडता. गावापासून सात-आठ किलोमीटर. नावाचा अर्थ द्राक्षाचं टोक, आणि ते नाव किनाऱ्यावरच्या समुद्रद्राक्षाच्या झाडांवरून आलं आहे. एक हिरवी टेकडी समुद्रात घुसलेली, तिच्या दोन्ही अंगांना दोन अर्धचंद्र. टेकडीच्या आडोशामुळं पाणी बाकीच्या किनाऱ्यांपेक्षा शांत, आणि रंग असा की उतरल्यावर बराच वेळ कुणी बोलत नाही. टेकडीवर छोटी पायवाट जाते. पावसानंतर ती निसरडी होते, पण वरून प्रवाळाचे गडद ठिपके आणि त्यांच्या मधली फिकट वाळू नकाशासारखी दिसते. जवळच पुंता उवाची नदी समुद्राला मिळते. तिथं कयाक भाड्यानं मिळतात आणि आत शिरलं की डोक्यावर हाउलर माकडांचं गुरगुरणं सुरू होतं. पहिल्यांदा ऐकताना कुणीही वाघ समजेल.

सकाळी आठच्या आत पोचा. शनिवार-रविवारी दुपारी लिमोनकडची कुटुंबं पातेली घेऊन येतात. मला ती गर्दीही आवडते, पण फक्त शांतता हवी असणाऱ्यांनी मंगळवार-बुधवार धरावा.

मांसानियो गाठणं गरजेचं आहे का?

गावापासून तेरा किलोमीटरवर डांबरी रस्ता जिथं संपतो ते मांसानियो. कोळ्यांचं गाव, रंगवलेल्या होड्या, लांब रिकामा किनारा, आणि पलीकडं गांदोका-मांसानियो वन्यजीव अभयारण्य, स्थापना १९८५. गावातून सुरू होणारी पायवाट टेकड्यांवरून छोट्या वाळूच्या कोपऱ्यांकडं नेते. पहिला अर्धा तास कुणालाही जमेल. त्यापुढं चिखल आणि फुटलेल्या वाटा आहेत, स्थानिक वाटाड्या घ्या.

मांसानियो हे एका झाडाचं नाव. छोट्या हिरव्या सफरचंदासारखं फळ येणारं हे झाड अत्यंत विषारी आहे. फळ खायचं नाही, चीक अंगाला लावून घ्यायचा नाही, पावसात आडोशालाही उभं राहायचं नाही, कारण पानांवरून गळणाऱ्या पाण्यानंही कातडीला फोड येतात. मुलांना हे आधी सांगून ठेवा. किनाऱ्यावर पडलेलं अनोळखी फळ तोंडात घालायचं नाही, एवढा एक नियम पुरतो.

कावितासाठी वेगळा दिवस ठेवावा का?

ठेवाच. नाव ऐकून मराठी माणसाला कविता आठवते, पण ते मिस्किटो भाषेतून आलं आहे. ‘कावी’ हे तांबड्या रसाचं एक झाड आणि ‘ता’ म्हणजे टोक. प्वेर्तो व्येहोहून बसनं अर्धा तास.

काविता राष्ट्रीय उद्यानात एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधून साधारण आठ किलोमीटरची सपाट वाट आहे. केली क्रीकच्या दारातून आत गेलं की लगेच प्लाया ब्लांका, पांढऱ्या वाळूचा किनारा. पुढं पेरेसोसो नदी लागते. पेरेसोसो म्हणजे आळशी, आणि स्लॉथ या प्राण्यालाही स्पॅनिशमध्ये तेच नाव. नदीचं पाणी चहासारखं तपकिरी दिसतं ते झाडपाल्याच्या अर्कामुळं, घाणीमुळं नाही.

या दाराची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९४ मध्ये सरकारनं देशभरातल्या उद्यानांचं परदेशी पाहुण्यांसाठीचं शुल्क एकदम वाढवलं. पाहुणे आटतील आणि गाव बसेल, म्हणून काविताच्या लोकांनी उठून प्रवेशद्वार स्वतःच्या ताब्यात घेतलं. वाटाघाटी झाल्या आणि त्यातून गाव आणि सरकार मिळून उद्यान चालवण्याची पद्धत उभी राहिली. केली क्रीकच्या दारात पुढं ऐच्छिक देणगीची प्रथा पडली ती त्यातूनच. तिथं सढळ हातानं द्या. वाट, पूल, रखवालदार, सगळं त्यावर चालतं. दुसऱ्या टोकाच्या प्वेर्तो वार्गासच्या दारात ठरावीक शुल्क आहे.

प्रवाळ बघायचं तर कुठं?

काविताच्या टोकासमोर देशाच्या कॅरिबियन बाजूचं सगळ्यांत मोठं प्रवाळ आहे. उद्यानाच्या हद्दीत स्नॉर्केलिंगला स्थानिक परवानाधारक वाटाड्या सोबत असावाच लागतो, आणि तो नियम योग्यच आहे. पुंता उवा आणि मांसानियोला किनाऱ्यावरून स्वतः उतरता येतं.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. या प्रवाळानं खूप सोसलं आहे. २२ एप्रिल १९९१ ला लिमोनला मोठा भूकंप झाला आणि किनारपट्टी वर उचलली गेली, काही ठिकाणी दीड मीटरच्या आसपास. जे प्रवाळ पाण्याखाली होतं ते एका दुपारीत उन्हात उघडं पडलं आणि मेलं. गावासमोर आज जे खडबडीत काळपट खडक कोरडे दिसतात, त्यांत तेही आहे. त्यात भर नद्यांतून येणाऱ्या गाळाची आणि तापत्या पाण्याची. तरी शांत ऑक्टोबरात मेंदूसारखे गोल प्रवाळ, पंख्यासारखे जांभळे, पोपटमासे हे सगळं दिसतं. मालवण-तारकर्लीला जे उतरले आहेत त्यांना इथल्या पाण्याचा स्वच्छपणा जाणवेल. जोराच्या पावसानंतर दोन दिवस पाण्यात काही दिसत नाही, तेव्हा पैसे घालवू नका.

प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा सगळ्यांत चांगला, समुद्रालाही आणि आपल्यालाही.

लहान मुलं आणि आई-बाबा बरोबर आहेत. कोणता किनारा?

शांत दिवशी पुंता उवा, दुसरा पर्याय काविताचा प्लाया ब्लांका, तिथलीही पाण्याची स्थिती विचारून. गुडघे दुखणाऱ्यांना काविताची सपाट वाट झेपते, आणि हवं तिथून मागं फिरता येतं.

किनारे खासगी हॉटेलांच्या ताब्यात आहेत का?

नाहीत. १९७७ च्या कायद्यानं भरतीच्या रेषेपासून पन्नास मीटरचा पट्टा सार्वजनिक आहे. कुणीही कुठंही बसू शकतं. पुंता उवा अजून इतका हिरवा राहिला आहे त्यात या कायद्याचाही वाटा आहे.

फिरायला गाडी लागेल का?

नाही. सायकल घ्या. गावात जागोजागी भाड्यानं मिळते, आणि मांसानियोपर्यंतचा रस्ता बहुतेक सपाट आणि सावलीचा आहे. ब्रेक तपासा, कुलूप मागून घ्या. रात्री रस्त्यावर मिट्ट काळोख असतो, म्हणून अंधाराआधी परत फिरा किंवा पुढं-मागं दिवा लावा. थकलात तर मांसानियोची बस आहे.

प्राणी सहज दिसतात का?

दिसतात, पण शोधायला शिकावं लागतं. दोन बोटांचा आणि तीन बोटांचा असे स्लॉथचे दोन प्रकार इथं आहेत. झाडाच्या बेचक्यात ओल्या पोत्यासारखं काही लटकलेलं दिसलं की थांबा. काविताला पापणीसारखे खवले असलेला पिवळाधमक विषारी साप वाटेकडंच्या झाडावर वेटोळं घालून बसलेला असतो, त्याच्यापासून लांबूनच फोटो. पांढऱ्या तोंडाची माकडं आणि रकून पिशवी उघडून खाणं पळवतात. त्यांना काहीही देऊ नका. प्लाया चिकिताजवळ जखमी प्राण्यांवर उपचार करणारं जॅग्वार रेस्क्यू सेंटर आहे, मुलांना जरूर न्या.

कासवं?

गांदोकाच्या किनाऱ्यावर मार्च ते जुलै चामडपाठी कासवं अंडी घालायला येतात, जगातली सगळ्यांत मोठी. रात्री, वाटाड्याबरोबरच, पांढरा दिवा आणि फ्लॅश न वापरता. वेळासला ज्यांनी ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडं जाताना पाहिली आहेत, त्यांना एवढंच सांगतो की इथली आई दीड मीटरहून लांब असते.

शाकाहारी माणसाचं काय?

उत्तम चालतं. इथला मुख्य पदार्थ ‘राइस अँड बीन्स’, नारळाच्या दुधात राजम्यासोबत शिजवलेला भात, त्यात थाइमची काडी आणि एक अख्खी तिखट मिरची. ती मिरची फुटू न देता काढून घेतात, वास राहतो आणि तिखटपणा बेताचा. कोकणी जिभेला हे घरचंच वाटतं. मात्र काही ठिकाणी त्यावर कोंबडीचा रस्सा घालूनच आणतात, आधी सांगा. सोबत पाताकोनेस, म्हणजे कच्च्या केळ्याचे ठेचून तळलेले काप, आणि हंगामात नीरफणसाचे काप, अगदी आपल्यासारखे. मासे खाणाऱ्यांनी रोंदोन चुकवू नये, नारळाच्या दुधात कंदमुळं आणि मासळी मंद आचेवर. त्याला वेळ लागतो, सकाळीच सांगून ठेवावं लागतं.

प्यायला ‘आग्वा दे सापो’ मागा. नाव बेडकाचं पाणी, आत आलं, लिंबू आणि ‘तापा दे दुल्से’. ही तापा म्हणजे सरळ आपली गुळाची ढेप. शहाळ्याला ‘पिपा’ म्हणतात.

सुरक्षित आहे का? पैसे कुठले न्यावेत?

इतर पर्यटनस्थळी घ्याल तेवढी काळजी घ्या. किनाऱ्यावर पिशवी टाकून सगळ्यांनी एकदम पाण्यात जायचं नाही, भाड्याच्या गाडीत काही ठेवायचं नाही, रात्री निर्जन किनाऱ्यावर चालायचं नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे पासपोर्ट कोक्लेसला वाळूवरून गेले, पुढचे चार दिवस कागदपत्रांत गेले. पासपोर्ट खोलीच्या तिजोरीत, प्रत जवळ. चलन कोलोन, डॉलरही घेतात, लहान नोटा ठेवा. आणीबाणीचा क्रमांक ९११. डासांसाठी आणि संध्याकाळच्या बारीक चिलटांसाठी औषध न्या. चिलटांना इथं ‘पुर्रुहा’ म्हणतात आणि ती डासांपेक्षा जास्त खाजवायला लावतात.

किती दिवस पुरतात?

चार रात्री. एक दिवस काविता, एक पुंता उवा आणि चिकिता, एक मांसानियो, आणि एक दिवस मुद्दाम मोकळा, कारण एक दिवस पाऊस खाणारच.

त्या पावसाच्या दिवशी काय करायचं?

कोकोच्या बागेत जा. एकेकाळी हा सगळा किनारा कोकोवर जगायचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोनिलिया नावाच्या बुरशीनं शेंगा कुजल्या आणि बागा ओस पडल्या. आता काही कुटुंबांनी जुनी झाडं पुन्हा धरली आहेत. ब्रिब्री घरांत कोको स्त्रियाच भाजतात, दगडावर वाटतात आणि गरम पाण्यात घालून प्यायला देतात, साखर न घालता. पत्र्यावर पाऊस वाजत असताना तो पेला दोन्ही हातांत धरून बसा, आणि पुंता उवाला जायची घाई उद्यावर टाका.